छायाचित्रापासून ठशापर्यंत

चित्रकलेच्या वर्गांत ठसे कोरण्याचें काम सुरू झालें, कीं कोणी तरी चौकस विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतो. छायाचित्र तर आधींच हातांत आहे. त्यांत नाकडोळे, कपडे, झाडें, भिंती, सर्व कांहीं जसेंच्या तसें उतरलेलें आहे. मग तेंच चित्र पुन्हां लांकडावर किंवा लिनोलियमवर कोरून, शाई लावून, कागदावर उमटविण्याचा खटाटोप कशासाठीं? एवढे श्रम करूनहि मूळ छायाचित्राइतकें हुबेहूब चित्र मिळत नाहीं तें नाहींच. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर टाळून हा धडा शिकवूं नये. म्हणून प्रस्तुत लेखांत ठसा कोरण्याची कृति आणि तिच्यामागील विचार हीं दोन्ही बरोबरच मांडण्याचें योजिलें आहे.

चाळीसगांवच्या विद्यार्थ्यास उत्तम छायाचित्र म्हणजे काय हें समजून घेण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. आपल्या रेल्वे स्टेशनाजवळच कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे ज्यांना सर्वजण केकी मूस या नांवानें ओळखतात, त्या कलावंताचें घर आहे. सन १९१२ मध्यें मुंबईस त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजांत शिक्षण घेऊन पुढें विलायतेंत त्यांनीं कलेचा व छायाचित्रणाचा अभ्यास केला. नंतर ते चाळीसगांवीं परतले आणि १९८९ च्या डिसेंबरअखेर देहावसान होईपर्यंत बहुतेक सारें आयुष्य त्यांनीं येथल्या घरांतच कलेच्या उपासनेंत घालविलें. त्यांच्या कलाकृति त्याच घरांत जतन केलेल्या आहेत.

मूस यांची विशेष ख्याति 'टेबल-टॉप' छायाचित्रणाबद्दल आहे. घरांतील मेजावर लहानसहान वस्तु मांडावयाच्या, त्यांवर पाहिजे त्या बाजूनें प्रकाश सोडावयाचा, आणि कॅमेऱ्याची जागा अशी साधावयाची कीं पाहणारास तो मोकळ्या रानांतील विस्तीर्ण देखावाच वाटावा, अशी ही पद्धति आहे. तिच्यापासून आपल्या धड्याला लागणारी एक मोठी गोष्ट शिकतां येते. कॅमेरा समोर असेल तें सर्व टिपतो हें खरें. परंतु समोर काय असावें आणि काय नसावें हें कॅमेरा ठरवीत नाहीं, माणूस ठरवितो. मेजावर जी वस्तु ठेवलीच नाहीं ती चित्रांत येत नाहीं. असा छायाचित्रकार चित्र घेण्यापूर्वीं नको तें दूर करतो. छायाचित्रावरून ठसा कोरणारा तेंच काम चित्र घेतल्यानंतर करतो. दोघांच्याहि कलेचें मूळ निवडींत आहे.

छायाचित्र आणि छापखाना

छायाचित्रावरून ठसा कोरणें हा केवळ शाळेंतील हस्तव्यवसाय नव्हे. एके काळीं तो जगांतील मोठा धंदा होता. छायाचित्रणाची विद्या १८३९ सालीं जगजाहीर झाली. परंतु त्यानंतर सुमारे ४० वर्षेपर्यंत पुस्तकांतील मजकुराबरोबर छायाचित्र छापण्याची सोयीस्कर युक्ति नव्हती. कारण उघड आहे. छापखान्यांतील खिळा कागदावर शाई लावतो किंवा लावीत नाहीं. अर्धी शाई लावून करडा रंग काढणें त्याला जमत नाहीं. छायाचित्रांत तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत असंख्य छटा असतात.

ही अडचण लांकूड कोरणाऱ्या कारागिरांनीं दूर केली. इंग्लंडांत टॉमस ब्यूइक (१७५३-१८२८) यानें एका घट्ट जातीच्या लांकडाच्या आडव्या कापावर अतिशय बारीक कोरीव काम करून दाखविलें होतें. १८४२ सालीं लंडनांत 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हें सचित्र साप्ताहिक निघालें आणि या कारागिरीला अपार मागणी आली. मोठें चित्र असल्यास ठोकळ्याचे अनेक तुकडे करून ते निरनिराळ्या कारागिरांकडे एकाच वेळीं देत, आणि कोरून झाल्यावर पुन्हां जोडून छापीत. १८६० नंतर तर छायाचित्र थेट लांकडावर उतरवून त्यावरच कोरणी चालविण्याची पद्धति पडली. करड्या छटांसाठीं कारागीर बारीक रेघांचें जाळें कोरी. रेघा जवळ आल्या कीं छटा गडद दिसे, दूर गेल्या कीं फिकी.

पुढें १८८० नंतरच्या दशकांत 'हाफटोन ब्लॉक' निघाला. जर्मनींतील माइसेनबाख याचें पेटंट १८८२ सालचें आहे. जाळीदार कांचेंतून छायाचित्र घेऊन त्याचे लहानमोठे ठिपके पाडावयाचे आणि त्या ठिपक्यांचा धातूचा ठसा करावयाचा, ही ती युक्ति. आजच्याहि वर्तमानपत्रांतील चित्र भिंगाखालीं धरून पाहिल्यास हे ठिपके स्पष्ट दिसतात. या शोधामुळें हजारों कोरीव कारागिरांचा धंदा बसला. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हुबेहूब नक्कल हेंच ज्यांच्या कामाचें सर्वस्व होतें, त्यांचें काम यंत्रानें काढून घेतलें. परंतु ठसा कोरण्याची कला मात्र बुडाली नाहीं. ती चित्रकारांच्या हातीं आली, आणि नकलेच्या ओझ्यांतून मोकळी झाल्यामुळें अधिकच तेजस्वी झाली. आरंभींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर या इतिहासांतच आहे. ठसा छायाचित्राशीं स्पर्धा करीत नाहीं. तो छायाचित्रांतून कांहीं निवडून घेतो, आणि जें निवडलें तेवढेंच ठामपणें सांगतो.

एका ठशाचें उदाहरण

उरलेलें अर्धें उत्तर एका प्रसिद्ध ठशावरून समजेल. डिसेंबर १९३६ मध्यें आपल्या खानदेशांतील फैजपूर येथें काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन होय. तेथील नगराची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसू यांनीं केली होती. याच नंदलालांनीं त्यापूर्वीं १९३० सालीं दांडीयात्रेच्या निमित्तानें महात्मा गांधींचा एक ठसा लिनोलियमवर कोरला होता.

दांडीयात्रा १२ मार्चला साबरमतीहून निघाली आणि ५ एप्रिलला दांडीस पोंचली. तिचीं छायाचित्रें पुष्कळांनीं पाहिलेलीं असतात. त्यांत बरोबरचे सत्याग्रही असतात, दुतर्फा जमलेले लोक असतात, वाट असते, ऊन असतें. नंदलालांच्या ठशांत यांपैकीं गर्दी नाहीं, समुद्र नाहीं, मीठ नाहीं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर हातांत काठी घेऊन चालणारी एकच आकृति आहे. पण त्या चालण्यांत असा निश्चय उतरला आहे कीं तो ठसा एकदां पाहिलेला माणूस सहसा विसरत नाहीं. एवढें वगळूनहि प्रसंग कमी झाला नाहीं. उलट त्याचें मर्म तेवढें राहिलें. हें मर्म शोधण्याची संवय लागावी म्हणूनच छायाचित्रावरून ठसा कोरावयाचा असतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. आपण असें समजूं, कीं विद्यार्थ्याच्या हातीं त्याच्या आजोबांचें छायाचित्र आहे. आजोबा दाराशीं बसले आहेत, डोक्यास पांढरें पागोटें आहे, ऊन डाव्या बाजूनें येत आहे आणि मागें मातीची भिंत आहे. या एकाच उदाहरणावर सर्व पायऱ्या समजावून घेऊं.

१. छायाचित्राची पारख

ठशासाठीं सर्वच छायाचित्रें चालत नाहींत. ज्यांत प्रकाश एका बाजूनें येतो आणि छाया दुसऱ्या बाजूस गोळा होते, असें छायाचित्र घ्यावें. समोरून झगझगीत दिवा पाडून घेतलेल्या छायाचित्रांत चेहरा सपाट दिसतो. नाक गालाहून वेगळें निघत नाहीं, आणि कोरणाऱ्यास कोठें थांबावें हें कळत नाहीं. सकाळच्या किंवा तिसऱ्या प्रहराच्या उन्हांत घेतलेलें छायाचित्र उत्तम. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा असेल तर तो मोठा करून छापून घ्यावा. रंगीत छायाचित्र असल्यास तें आधीं काळ्यापांढऱ्यांत उतरवावें, कारण तांबडा व हिरवा हे रंग डोळ्यास अगदीं भिन्न वाटले तरी काळ्यापांढऱ्यांत पुष्कळदां सारखेच गडद निघतात.

२. तीन छटांचा हिशेब

छायाचित्र भिंतीस टेकवून चार पावलें मागें जावें आणि डोळे अर्धवट मिटून पाहावें. बारकावे नाहींसे होतात आणि प्रकाशाचे व छायेचे मोठे तुकडे तेवढे दिसतात. आतां छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर तीन प्रदेश आंखावे: निखालस उजळ, निखालस गडद, आणि मधला. आजोबांच्या चित्रांत पागोट्याची डावी बाजू, कपाळ आणि नाकाचा शेंडा हें उजळ. डोळ्यांच्या खांचा, उजवा गाल, हनुवटीखालील भाग हें गडद. पागोट्याच्या घड्या, ओंठांभोंवतालची त्वचा व भिंत हें मधलें.

उजळ कोरून काढावयाचें आणि गडद तसेंच ठेवावयाचें, हें सोपें आहे. खरी कसोटी मधल्या प्रदेशाची. ठशास करडा रंग नाहीं. म्हणून मधल्या छटेच्या प्रत्येक तुकड्याचा निकाल लावावा लागतो. तो उजळांत टाकावा, कीं गडदांत, कीं रेघांनीं अर्धा अर्धा करावा? संगणकाला सांगितल्यास तो एका क्षणांत छायाचित्राचे काळे आणि पांढरे असे दोन भाग करून देतो. पण तो प्रत्येक ठिपका मोजून अमुक आंकड्याच्या खालीं काळा, वर पांढरा, एवढाच निकाल देतो. त्याच्या हिशेबीं आजोबांच्या भुंवईचा केस आणि मागच्या भिंतीवरील डाग यांत भेद नाहीं. नातवाच्या हिशेबीं तो भेद आहे. म्हणून यंत्राचा निकाल पाहण्यास हरकत नाहीं, परंतु त्यावरच थांबूं नये.

येथें आणखी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. पागोटें पांढरें आणि मागील भिंत फिकी. दोन्ही उजळ धरल्यास पागोट्याची कड नाहींशी होईल. मग भिंत काळी करावी काय? करावी. भिंत काळी केल्यानें आजोबांविषयीं कांहीं खोटें सांगितलें जात नाहीं. पागोटें पांढरें होतें हें सत्यच त्यामुळें उठून दिसतें. परंतु कपाळावरील जुन्या जखमेची खूण शोभत नाहीं म्हणून गाळणें, किंवा ते अधिक रुबाबदार दिसावे म्हणून मिशा मोठ्या करणें, हें निराळें. भिंत ही सोय आहे, चेहरा ही साक्ष आहे. काय बदलण्याचा आपल्यास अधिकार आहे आणि काय बदलण्याचा नाहीं, याचा विचार कोरणी हातीं घेण्यापूर्वींच पुरा करावा.

सुरकुत्यांचीहि तीच गोष्ट. छायाचित्रांत त्या शेंकडों दिसतील. सर्व कोरल्या तर चेहरा वाळलेल्या शेतासारखा भेगाळलेला दिसेल व माणूस हरवेल. एकहि कोरली नाहीं तर वृद्धपण नाहींसें होईल. डोळ्यांच्या कोपऱ्यांतील दोनतीन, कपाळावरच्या दोन, तोंडाजवळची एक, एवढ्या निवडून त्या मनापासून कोराव्या. घरच्या माणसांनीं दुरून पाहतांच ओळखावें, ही त्याची कसोटी.

३. डावें उजवें

ठशावर जें डावीकडे कोरावें तें कागदावर उजवीकडे उमटतें. म्हणून पारदर्शक कागदावरील आकृति उलटवून, खालीं कार्बन कागद घालून, ठोकळ्यावर उतरवावी. चित्रांत अक्षरें असतील, दारावरची पाटी किंवा सही, तर तीं उलटींच कोरावीं लागतात. कोरण्यापूर्वीं ठोकळा आरशासमोर धरल्यास कागदावर चित्र कसें येईल तें बरोबर दिसतें.

उलटें कोरण्याची ही विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे सर्व देशांत नांवाजले गेले, आणि त्या अक्षरांचें बरेंचसें श्रेय राणोजी रावजी आरू या कुशल कोरणाऱ्यास आहे. असा कारागीर पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटें कोरी. तें तांब्यावर ठोकलें कीं सुलटा साचा होई. साच्यांत धातु ओतली कीं उलटा खिळा निघे. आणि खिळा कागदावर पडला कीं अक्षर सुलटें वाचतां येई. चार पायऱ्यांत डावेंउजवें चार वेळां बदललें. आपल्या ठशांत पायऱ्या दोनच आहेत, एवढाच फरक.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या तालुक्यांतच आहे. पाटण येथें थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. अशा लेखाचा ठसा घेतांना शाई दगडास लावीत नाहींत. ओला कागद दगडावर पसरून ब्रशानें ठोकून खांचांत बसवितात, आणि मग कागदाच्या वरच्या बाजूस शाई टिपतात. खोल गेलेली अक्षरें पांढरीं राहतात, भोंवतालचा भाग काळा होतो, आणि शाई पाहणाऱ्याच्याच बाजूस लागलेली असल्यामुळें लेख सुलटा वाचतां येतो. हा भेद ज्याला नीट समजला, त्याची आपल्या ठशांत डाव्याउजव्याची गफलत होणार नाहीं.

४. साहित्य

कापडावर नक्षी छापणारे छिपे सागवान किंवा शिसवी यांसारख्या टणक लांकडाचे ठसे वापरतात. तें लांकूड नवशिक्या हातास कठीण जातें, आणि त्याच्या शिरांमुळें कोरणी नको तिकडे ओढली जाते. म्हणून शाळेंत लिनोलियम बरें. जवसाचें तेल हवेनें घट्ट करून, त्यांत बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा मिसळून, तें तागाच्या कापडावर थापून लिनोलियम तयार होतें. इंग्लंडांतील फ्रेडरिक वॉल्टन यानें १८६३ सालीं त्याचें पेटंट घेतलें, तें जमिनीवर अंथरण्यासाठीं. पुढें व्हिएन्ना येथील कलाशिक्षक फ्रांत्स चिझेक यांनीं मुलांकडून त्यावर चित्रें कोरवून घेतलीं. त्यास शीर नसल्यामुळें कोरणी सर्व दिशांस सारखीच चालते. थंडीच्या दिवसांत तें ताठर वाटल्यास थोडा वेळ उन्हांत ठेवावें, मऊ होतें.

कोरण्या दोन पुरेत: एक टोकदार खांचेची, बारीक रेघांसाठीं, दुसरी गोल खांचेची, मोठी जागा मोकळी करण्यासाठीं. याखेरीज गुळगुळीत कांचेचा तुकडा, छपाईची काळी शाई, रबरी रोलर, पातळ पण चिवट कागद आणि एक लांकडी किंवा धातूचा चमचा लागतो.

५. कोरणें

पेन्सिल पांढऱ्या कागदावर काळें घालीत जाते. कोरणी काळ्या ठोकळ्यावर पांढरें घालीत जाते. आरंभीं हें विचित्र वाटतें. त्यासाठीं ठोकळ्यास आधीं पातळ काळी शाई फांसून वाळूं द्यावी. मग प्रत्येक कापाबरोबर उजेड कसा पडतो तें डोळ्यांना दिसतें. काम करतांना आपण दिवा हातांत घेऊन अंधाऱ्या खोलींत हिंडत आहोंत असें समजावें, आणि ज्या वस्तूवर उजेड पडावा असें वाटेल तेवढीच उजळावी.

ठोकळा धरणारा हात कोरणीच्या मागें ठेवावा, पुढें कधींहि ठेवूं नये. निसटलेली कोरणी नेहमीं पुढें जाते, आणि वर्गांत जखमा होतात त्या याच नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें. वळणदार रेघ कोरतांना हात न वळवितां ठोकळा फिरवावा. प्रथम लहान उजळ जागा कोराव्या, मोठ्या जागा शेवटीं. रेघेच्या कडा किंचित् उतरत्या ठेवाव्या. खालून पोखरलेली रेघ छापतांना मोडते. जें काढलें तें परत लावतां येत नाहीं, म्हणून शंका असेल तेथें न कोरतां पुढें जावें आणि पहिलें प्रूफ काढून झाल्यावर त्या जागेचा निकाल लावावा. खोडरबराच्या भरंवशावर काम करणाऱ्या हाताला हें शिक्षण फार मोलाचें आहे. निर्णय घेण्यापूर्वीं दोनदां पाहावें, आणि घेतल्यावर हात कांपूं देऊं नये.

६. शाई आणि छपाई

शाई कांचेवर थोडीच घेऊन रोलरनें उभीआडवी पसरावी. ती नीट पसरली कीं रोलरखालून बारीक चरचर ऐकूं येते. पचपच असा आवाज आला तर शाई फार झाली असें समजावें. ठोकळ्यावर तिचे पातळ थर दोनतीन वेळां द्यावे. जाड थर दिल्यास शाई बारीक खांचांत उतरते आणि सुरकुत्या, भुंवया व ओंठ बुजून जातात. मग ठोकळ्यावर कागद अलगद ठेवून, तो सरकूं न देतां, चमच्याच्या पाठीनें मध्यापासून कडांकडे घासावें. एक कोपरा उचलून पाहावा. शाई फिकी उतरली असेल तर कोपरा तसाच खालीं ठेवून पुन्हां घासावें. कागद सोलून दोरीवर वाळत घालावा.

प्रती मोजक्याच काढाव्या व प्रत्येकीखालीं पेन्सिलीनें क्रमांक घालावा. दहा प्रतींपैकीं तिसरी असल्यास ३/१० असें लिहितात; मग सही. हा प्रघात कलावंतांचा आहे, आणि वाचणाराशीं केलेला तो एक प्रामाणिक करार आहे: एवढ्याच काढल्या, अधिक नाहींत.

७. पहिलें प्रूफ वाचणें

पहिली प्रत निघाली कीं ती छायाचित्राशेजारीं ठेवून तुलना करण्याचा मोह होतो. तो आवरावा. छायाचित्र एक दिवस पेटींत ठेवावें व प्रूफ एकटेंच भिंतीवर लावावें. दुसऱ्या दिवशीं पाहिल्यावर डोळा प्रथम कोठें जातो? आजोबांच्या डोळ्यांकडे गेला तर काम ठीक चाललें आहे. पागोट्याच्या घड्यांकडेच गेला तर तेथें रेघा फार झाल्या आहेत. भिंतीकडे गेला तर भिंतीवर कांहीं तरी नको तें राहिलें आहे. चूक ठरलेल्या जागेवर खडूनें खूण करून मगच पुन्हां कोरणी घ्यावी. चांगल्या ठशाचीं तीन-चार प्रूफें होतात. एकाच प्रूफांत समाधान मानणारा विद्यार्थी बहुधा पुरतें पाहिलेला नसतो.

दुसऱ्याचें छायाचित्र

वर्तमानपत्रांतून किंवा पुस्तकांतून घेतलेलें छायाचित्र कोरण्याविषयीं एक सूचना अवश्य आहे. छायाचित्र ही कोणाची तरी कृति असते. आपल्या देशांतील १९५७ च्या प्रताधिकाराच्या कायद्याप्रमाणें छायाचित्रावरील हक्क २०१२ सालच्या दुरुस्तीपर्यंत तें प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे चालत असे. वर्गांत अभ्यासासाठीं कोरणें निराळें आणि ठसे काढून विकणें किंवा स्पर्धेंत स्वतःची कल्पना म्हणून मांडणें निराळें. मोठ्या छायाचित्रकाराचें चित्र समोर ठेवावें तें त्याचा प्रकाश कोठून आला, त्यानें काय गाळलें, हें शिकण्यासाठीं. आणि ठशाखालीं त्याचें नांव स्पष्ट लिहावें. स्वतःच्या ठशासाठीं छायाचित्र शक्यतों स्वतः घ्यावें. आज तें साधन घरोघरीं आहे. ज्यानें आजोबांना उन्हांत कोठें बसवावें याचा विचार केला, त्याचें अर्धें कोरीव काम तेथेंच झालें.

अभ्यास

(१) एखाद्या साध्या वस्तूचें, जसें तांब्या, कंदील किंवा कपाशीचें बोंड यांचें, खिडकीच्या बाजूनें येणाऱ्या प्रकाशांत छायाचित्र घ्या. त्याच्या तीन छटा पारदर्शक कागदावर आंखा. मधली छटा प्रथम सर्व काळींत टाकून, नंतर सर्व पांढरींत टाकून, शाईनें दोन चित्रें काढा. कोणत्या चित्रांत वस्तु अधिक ओळखूं येते व कां, तें दोन ओळींत लिहा.

(२) स्वतःच्या नांवाचें पहिलें अक्षर लिनोलियमवर उलटें कोरून छापा. आरशाचा उपयोग कोरण्यापूर्वीं करा, नंतर नव्हे.

(३) घरांतील एका वडीलधाऱ्या माणसाचें छायाचित्र त्यांच्या परवानगीनें घ्या आणि तळहाताएवढा ठसा कोरा. कोरण्यापूर्वीं काय गाळणार त्याची यादी करा व प्रत्येक वस्तूपुढें गाळण्याचें कारण लिहा. पहिली प्रत त्यांनाच द्या, आणि ती पाहून ते काय म्हणतात तें नीट ऐका.